सगळ्यांत कमी मर्यादा

कर्नल म्हणजे कंप्युटरच्या आतला कारभारी. चिपच्या वेगाला कितीही जणांनी मर्यादा घातल्या, तरी सगळ्यांत कमी असेल तीच तो पाळतो.

दुपारी ऑफिसात चहा पिता पिता मी चाचणीसाठी चिपचा वेग अर्ध्यावर आणला, तर भिंतीवरचं किल्लीचं घड्याळही अर्ध्या वेगानं टिकटिकायला लागलं.

आमची टीम लीडर ताई खो खो हसली. "अगं, रविवारी घरून कर की हे, सुट्टी दुप्पट होईल! बरं, काढ आता ती मर्यादा."

मी काढली. घड्याळ आणखीच मंदावलं. स्क्रीनवर तर आता एकही मर्यादा नव्हती.

"आता आपल्याहून कमी कुणी घातली गं?" मी हसत विचारलं.

उत्तर द्यायला ताईनं तोंड उघडलं. माझा चहा गार झाला, तरी ते अजून उघडतच होतं.