आईच्या ग्लासातला फेस

दारावरची बेल वाजली म्हणून मुलगी जेमतेम दारापर्यंत जाऊन आली, तेवढ्यात आईच्या ग्लासावरचा फेस नाहीसा झाला होता.

खाली नुसती कॉफी उरली होती आणि बर्फाचे तुकडे उघडे पडले होते. आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत होती, जणू त्या ग्लासाशी तिचा काही संबंधच नव्हता.

“आई, फेस कुठे गेला?”

“विरला गं. फेसच तो, टिकून टिकणार किती!”

मुलीने ग्लास उचलून उजेडात धरला. हा फेस असा विरणारा नव्हता. साय काढलेलं दूध गारेगार करायचं, त्यावर प्रोटीनची पावडर एकदम न ओतता भुरभुरायची, जरा भिजू द्यायची आणि मगच बॅटरीवर चालणाऱ्या रवीने फेटायचं, हे तिला कितीतरी ग्लास बेसिनमध्ये ओतल्यावर कळलं होतं. तिचा फेस कॉफी संपेपर्यंत ताठ उभा राहायचा आणि त्यात दोन अंड्यांइतकी प्रथिनं असायची. केमोच्या औषधांनी आईचं तोंड आलं होतं. चावायचं काही घशाखाली जात नव्हतं. गार आणि मऊ तेवढं उतरायचं. वजन आणखी घटलं तर पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं. आणि वजन घटतच होतं. मुलीने पावडर वाढवून पाहिली, बदलून पाहिली. शेवटी वजनाच्या काट्यावरच संशय घेतला.

समोरच्या खुर्चीत दादा बसला होता. नुकताच जिममधून आलेला, मानेभोवती टॉवेल. त्याच्यासाठी तिने साधी थंड कॉफी केली होती.

“दादा, मिशी पूस.”

त्याने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि हसला. “का, काय झालं?”

“तुझ्या कॉफीवर मी फेस घातला नव्हता.”

“आईने घातला. रोजच घालते.”

“रोज?”

आईने खिडकीवरची नजर काढली नाही. “त्याच्यावर कशाला ओरडतेस? व्यायाम करून दमून येतो तो. मला मेलीला काय करायचंय एवढं?”

“तुला काय करायचंय? अगं, इथे फेटून फेटून मी मेटाकुटीला आले, ते याचे दंड फुगवायला? डोस तुझा अडायला आलाय. याचं काय अडलंय?”

“मला काय ठाऊक?” दादा म्हणाला. “मला वाटलं, तिला आवडत नाही.”

“विचारलंस?”

दादाने टॉवेलने तोंड पुसलं.

“जिभेला चवच लागत नाही गं,” आई पुटपुटली. “वाया जाण्यापेक्षा मुलाच्या पोटात गेलेलं बरं.”

“चमच्याने उचलून त्याच्या ग्लासात टाकताना बरा हात चालतो तुझा! स्वतःच्या तोंडाशी न्यायचा म्हटलं की गळून जातो.”

आईचे डोळे भरून आले. एरवी मुलगी तिथेच विरघळली असती. आज तिला त्या पाण्याचाही राग आला. तिने रवी उचलून दादासमोर ठेवली.

“ऊठ. तिच्या वाटचं तू खाल्लंस, आता तूच करून दे.”

“मी?”

“अगं बाई,” आई अर्धवट उठली, “त्याला कुठे सवय आहे? अंगावर उडेल त्याच्या सगळं!”

“उडू दे. तू बस.”

दादा ओट्याशी गेला. फ्रीजमधलं दूध न काढता त्याने ओट्यावरचंच घेतलं, सायीसकट. पावडर भसकन ओतली. मुलीचे हात शिवशिवले, पण तिने ते पाठीमागे धरून ठेवले. रवी फिरली, पांढरे शिंतोडे भिंतीवर, त्याच्या बनियनवर, थेट दिव्याच्या बटणापर्यंत उडाले. शेवटी जे झालं त्याला फेस म्हणणं म्हणजे थट्टाच होती. पातळ पांढरं पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गुठळ्या. आईच्या कॉफीत ओतल्याबरोबर ते सरळ तळाशी गेलं.

“बिघडलं,” दादा ओशाळून म्हणाला. “थांब, परत करतो.”

पण आईने ग्लास ओढून घेतला होता. दोन्ही हातांनी धरून ती प्यायला लागली. गुठळी आली की जरा थांबायची, डोळे मिटून गिळायची, पुन्हा ग्लास तोंडाला लावायची. मध्ये एकदा तिला ठसका लागला, तरी ग्लास खाली ठेवला नाही. तळाशी उरलेलं तिने चमच्याने खरवडलं.

“किती छान झालंय रे,” ती म्हणाली. “पहिल्याच वेळेला!”

दादाने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बनियनवरचा डाग चोळत राहिला.

मुलीने रिकामा ग्लास उचलला. आत थेंब नव्हता. प्रथिनं तेवढीच होती; फेस उभा राहिला काय आणि बुडाला काय, पोटाला दोन्ही सारखंच. एवढे दिवस ती दूध, पावडर आणि तापमान बदलत बसली होती. हात कुणाचा, हे बदलून बघायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचे कान तापले. ग्लास आपटावासा वाटला. तिने तो बेसिनमध्ये ठेवला आणि पावडरीचा डबा दादाच्या हातात दिला.

“उद्यापासून तूच करायचंस,” ती म्हणाली. “दोन चमचे. आणि आई बघत असेल तेव्हाच.”