मंगळवारची माणसं

“माझ्या घोवाक मिरजेक न्हेवचो आसा. छातीच्या इस्पितळात. चिठी द्या,” नर्मदा टेबलापाशी येऊन थेट म्हणाली.

विमलाताईंनी चिठ्ठी लिहून दिली, कुठली गाडी पकडायची ते सांगितलं आणि मनातून हरखून गेल्या. नवऱ्याला खोकला किती दिवस, रक्त पडतं का, काही काही विचारावं लागलं नाही. बाई सगळं ठरवूनच आली होती!

तोंडवलीच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामपंचायतीच्या पडवीत विमलाताईंनी मदत केंद्र मांडलं, त्याला वर्ष होत आलं होतं. साल एकसष्ट. मुंबईला समाजसेवेचं शिक्षण घेऊन बाई आल्या त्या एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लांबलचक यादी घेऊन. क्षयाला कुठे जायचं, महारोगाला कुठे, विधवेला मदत कोण देतं, अनाथ पोराला कोण ठेवून घेतं, सगळं त्या यादीत. पहिले तीन महिने चिटपाखरूही फिरकलं नाही. मग एका मंगळवारी दोघं आली, पुढच्या मंगळवारी पाच. मंगळवार बाजाराचा, म्हणून गर्दी त्याच दिवशी. बाईंना वाटलं, घरोघर हिंडून आपण घसा फोडला त्याचं हे फळ. वाटेलच की! माणूसच आहे.

डोळ्यांत सलत होता तो एकटा शिवा गुरव. दर सोमवारी तो रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नापासून तापापर्यंत सगळं गाव देवाला विचारूनच करी. आणि हा शहाणा वर केंद्रावरही यायचा. खांबाला टेकून म्हणायचा, “बाई, ती यादी आणि येकदा वाचा बगू.” बाई मुद्दाम ठणकावून वाचत. ऐक म्हणावं, तुझे दिवस भरले!

एका शनिवारी विहिरीवर बाईंना गावातल्या तुळसाची सून आनंदी दिसली. आठवा महिना. पाय खांबासारखे सुजलेले, तोंडही सुजलेलं. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणाली. बाई तशाच तिच्या घरी गेल्या.

“तुळसा, हिला मालवणला दवाखान्यात ने. आजच्या आज. झटके आले तर दोन्ही जीव जातील.”

तुळसाचा मुलगा बोटीवर खलाशी. घरात सासू-सून दोघीच. सुनेवर तुळसाचा फार जीव. बोलता बोलतासुद्धा ती तिचे पाय चेपत होती.

“न्हेतंय, बाई. सोमवार होवंदे.”

“सोमवारी काय आहे?”

“देवाक इचारूक व्हया ना!”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि डावी पाकळी पडली म्हणजे? पोरीचा जीव काय एका पाकळीवर सोडायचा? त्या तडक पोलीस पाटलाकडे, भिकाजीकडे गेल्या. गुरव लोकांना दवाखान्यापासून अडवतो, मी मामलेदारांना लिहिते, म्हणाल्या. भिकाजी मुळात भित्रा. मामलेदारांचं नाव निघताच त्याने गुरवाला कौल बंद करायला सांगून टाकलं.

संध्याकाळी शिवा केंद्रावर आला.

“बाई, येक सोमवार र्‍हवांदेत. मगे तुमी म्हणशात तसा.”

“का? तुझे नारळ बुडतात?”

“तुळसा येतली आसा.”

“तिच्यासाठीच तर बंद केलाय!”

“देवाची गोष्ट, बाई. माका बोलूक येना नाय,” म्हणाला नि गेला.

रविवारी बाई पुन्हा तुळसाकडे जाऊन आल्या. तिचं तेच, सोमवार होवंदे. आरोग्य खात्याची जीप मंगळवारीच मिळणार होती. ती बाईंनी मागून ठेवली. सोमवारी कौल लागला नाही. आता आडकाठी कसली? उद्या तुळसा आपल्या पायांनी टेबलापाशी येईल, अशी त्यांची खात्री होती.

मंगळवारी बाजार भरला. दहा वाजले, अकरा वाजले. केंद्रावर तुळसा आली नाही, दुसरंही कुणी आलं नाही. समोरून माणसं जात होती, रामराम करत होती, थांबत मात्र कुणीच नव्हतं. बाई चक्रावल्या. जीप आली तशा चढून बसल्या आणि थेट तुळसाच्या घरी गेल्या.

खळ्यात दोघेजण बांबू तासत होते.

आनंदी पहाटेच गेली होती. झटक्यांवर झटके आले. पोटातलं मूलही गेलं. तुळसा पायरीवर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बाई तिच्याशेजारी बसल्या.

“मी सांगितलं होतं ना गं!” त्यांना रडू आवरेना. “माझ्याकडे यायचं होतंस. सगळं गाव येतं, तूच का नाही आलीस?”

तुळसाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता.

“तशी कशी येतलंय, बाई? सगळ्यांका देवच धाडी तुमच्याकडे. नर्मदेक त्येनाच धाडल्यान. सोमवारी उजवो कौल देवन सांगी, उद्या बाईकडे जा. काल मी सांज होयसर देवळाच्या पायरेर बसान रवलंय, पण देव तुमी गप केल्यात.”