पोटरीतला गहू

तपासणी पथकाची गाडी फाटकातून आत शिरली, आणि नेमकी तेव्हाच वैजयंतीच्या बोटांना ओली माती लागली.

गहू संशोधन केंद्रातल्या या प्लास्टिकच्या खोलीत ती जादा कार्बन डायऑक्साइड सोडून गहू वाढवत होती. महिनाभर तिने त्याचं पाणी तोडलं होतं, तरी गहू हिरवागार. वाढता वायू दुष्काळात गव्हाला तारतो, असा अहवाल तिने कालच पथकाकडे पाठवला होता.

"येसूबाई, इथं पाणी कुणी घातलं?"

राखणीच्या येसूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "म्याच, मॅडम. रोज कळशीभर. पोटरीतला गहू, पोटात ओंबी धरल्याला, म्हंजे गरवार बाईच की. तिला तहानेलं कसं ठिवायचं?"

वैजयंतीचा अख्खा हंगाम वाया गेला होता. ती गप्प बसली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. आणि खरं सांगितलं, तर येसूबाईंचं काम जाणार होतं.

पथकाचे साहेब आत आले. "वा! पाण्यावाचून एवढा हिरवा?"

"नाही सर, याला पाणी मिळालंय," ती म्हणाली. "चूक माझी आहे. अहवाल मी मागे घेते."

येसूबाईंनी कोपऱ्यातली कळशी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.