घरातली पावलं

कुराहाशी वारले, त्यानंतर महिन्याभराने पत्रकार चिहाया त्यांच्या बायकोला भेटायला क्योतोला आली. कुराहाशींनी तीस वर्षं एकाच व्हिडिओ गेमचे आवाज तयार केले होते. त्या गेमच्या अकरा भागांतल्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती गोळा करत होती.

“काकू, प्रत्येक भागात नायक घरी परतला की आतून पावलं ऐकू येतात. ती कुणाची, हे कंपनीतही कुणाला माहीत नाही.”

तिने फोनवर तो आवाज लावला. लाकडी जमिनीवर कुणीतरी डावा पाय किंचित ओढत चालत होतं.

शिझुएकाकूंनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला.

“माझी आहेत,” मग त्या म्हणाल्या. “त्यांच्या कामाच्या खोलीत मी रोज चहा ठेवून यायचे. एकदाही मान वर केली नाही हो त्यांनी. मला वाटायचं, मी आलेली त्यांना कळतच नाही.”