कोपरा फाडलेलं प्रकरण

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. इंदूबाईनं ते दोन बोटांत धरून उंबऱ्याबाहेरच नवऱ्यापुढे केलं. मयताची बातमी. असलं कार्ड घरात आणायचं नाही, वाचून तिथंच फाडून टाकायचं, हे बडनेऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अकोल्याचं हाये," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

शेषरावांनी वाचलं. 'भगवंत सोमवारी सकाळी गेला. श्वास पुरला नाही. आईला सांभाळणे कठीण आहे.' अक्षर वाकडंतिकडं, सही तर लागतच नव्हती. त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग ते चक्क हसले.

"रडू नको. गोष्टीतला मेला."

"गोष्टीपायी कोनी असं कार्ड धाडते काय?"

"मीच धाडलं होतं मांगं."

इंदूबाईचं समाधान झालं नाही. तिनं कार्डाचे चार तुकडे केले, नालीत टाकले आणि हात धुतले.

शेषराव बडनेरा स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. भगवंत अकोल्यात कापसाच्या जिनात कामाला, रुई-सरकीच्या धुळीत. ओळख छप्पन सालची, नागपूरहून परतताना गाडीतल्या गर्दीत झालेली. पण दोस्ती पक्की केली ती रेडिओनं. दोन वर्षांपूर्वी दर शुक्रवारी मंगळाच्या सफरीची मालिका लागायची. शेषराव ती रेल्वेच्या क्लबात ऐकत आणि भगवंत चहाच्या हॉटेलात उभा राहून.

मालिकेत चुका बक्कळ होत्या. मंगळावरचे लोक दरबारी हिंदी बोलत. यान सुटताना पिठाची चक्की सुरू झाल्यासारखा आवाज येई. तरी दोघांचा जीव तिच्यात अडकला. आणि रेडिओवाल्यांनी काय करावं? यान मंगळाच्या पलीकडे गेलं आणि कार्यक्रम बंद. पुढच्या शुक्रवारी त्याच वेळेला खतांवर भाषण. शेषरावांचा तो राग अजून गेला नव्हता.

मग पुढचं दोघांनीच लिहायला घेतलं. एक प्रकरण याचं, एक त्याचं, सारं पोस्टकार्डांवर. कप्तानाचं विलायती नाव जिभेवर बसेना, म्हणून कप्तान भगवंत झाला. यानाशी बोलणारं केंद्र बडनेऱ्यात आलं आणि त्याचे साहेब अर्थातच शेषराव. यानात भाकरी-ठेचा. संकटाचा निरोप असला की भगवंत तो डाव्या हातानं लिही, घाईत लिहिल्यासारखा दिसावा म्हणून. यानाचा इंजिनियर मेला तेव्हा शेषरावांनी खरोखरच कार्डाचा कोपरा फाडून पाठवला. ते पाहून भगवंतची आई सत्यभामाबाई दिवसभर जेवली नाही. भगवंतनं उलट टपाली कळवलं, 'असं नको करत जाऊ. एकदा मी बी असंच धाडीन, मंग तुले समजन.'

तर आज त्यानं फिट्टंफाट केली होती. कारणही शेषरावांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी त्यांनीच लिहिलं होतं, 'तुहा कप्तान दर प्रकरणात धापाच टाकते. दुसरं काही सुचत नसन तर लिहू नको.' त्यानंतर अकोल्याहून अक्षर आलं नव्हतं.

खरं तर हवा संपत आलेल्या माणसाचं वर्णन भगवंतसारखं कुणालाच जमलं नसतं. वाचताना आपलाच गळा आवळल्यासारखं वाटे. शेषरावांना त्याचा हेवा वाटला होता, आणि हेवा वाटला की ते चुका काढत. हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, पण तोवर कार्ड टपालपेटीत पडलं होतं.

"म्या उगाच टोचलं त्याले," ते इंदूबाईला म्हणाले. "रागानं सोताचाच कप्तान मारला त्यानं."

"मंग जाऊन बोला ना. कार्डावर काहून भांडता?"

जायचं तर कप्तानाला जिवंत करूनच, असं त्यांनी ठरवलं. आधी केंद्राचा निरोप. कप्तान मेल्याची बातमी आईला गेली, तर खुलासाही आईलाच जायला हवा. म्हणून पत्ता सत्यभामाबाईंचाच घातला आणि सरकारी थाटात लिहिलं, 'तुमचा भगवंत मेला नाही. बातमी चुकीची होती. आमच्या माणसांनी त्याला सुखरूप उतरवून घेतले आहे. शुक्रवारी दुपारच्या पॅसेंजरने मी त्याला घेऊन येतो. दोन भाकरी जास्त टाकाव्या. शेषराव, बडनेरा.'

मग ते चार दिवस प्रकरण लिहीत बसले. इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. कप्तान परत येतो, मोकळा श्वास घेतो, आणि केंद्राचे साहेब सगळ्यांदेखत त्याची माफी मागतात. शुक्रवारी गाडीत बसून माफीचं ते वाक्य त्यांनी कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं.

अकोल्यात भगवंतच्या घरासमोर शेजारची शकुन उभी होती. तिनं त्यांना दाराबाहेरच अडवलं आणि आवाज खाली केला.

"भगवंत महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात होता. तिकडंच माती झाली. आईनं तोंड बी नाही पाह्यलं. माह्या मालकानं तुमाले कार्ड टाकलं, आन तुमी हे काय लिवून धाडलं, भाऊ? पोस्टमननं वाचून दाखवलं तवापासून म्हातारी कोनाचं आयकूनच नाही राहिली."

कागदांची पिशवी शेषरावांनी पाठीमागे लपवली.

आतून सत्यभामाबाई आली. नेसूला धुतलेलं लुगडं, हाताला ज्वारीचं पीठ. तिनं शेषरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे गल्लीत.

"तू एकलाच पुढं आला काय, शेषराव?" ती म्हणाली. "बरं केलं. त्याले चालताना दम लागते. येऊ दे हळूहळू."