गंज कमी हवा

"गंज जास्त झालाय, काका," सर्वेश म्हणाला.

अनंतने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि टेबलावरच्या साडेपाच फुटी बार्जकडे पुन्हा पाहिलं. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्याच्या गाळ्यात आजवर विमानं, देवळं, जळके बंगले, कितीतरी मॉडेल्स तयार झाली होती. सिनेमावाले यायचे आणि म्हणायचे, अजून मळवा, अजून सडवा. कमी करा म्हणणारा हा पहिलाच.

"जुना बार्ज हवा म्हणाला होतात ना?"

"जुना हवा, सडका नको. हिरो काम करतो त्याच्यावर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे पाय ठेवला तर काही होणार नाही."

"मग कोराच करून देतो की!"

"मग तर लगेच पकडतील. पब्लिक हुशार झालंय आता, काका."

तो गेल्यावर अनंत चरफडला. हा गंज त्याने मनाने केला नव्हता. त्याचा जावई सिद्धेश असल्याच एका बार्जवर क्रेन चालवायचा. अनंतने त्याच्याकडून गंजाचे जवळून काढलेले फोटो मागवले होते. दोर बांधायचे खुंट तर सर्वेशने दिलेल्या ड्रॉइंगशी हुबेहूब जुळले होते. कामाचे बार्ज सगळे सारखेच, पाण्यावरचा खोका आणि वर क्रेन.

फोटो पाहून तो आधी खूश झाला होता. असला झकास नमुना विकत मिळत नाही. मग त्याने एकेक फोटो मोठा करून पाहिला. रंग पापडासारखा फुगला होता. कठड्याचे पाय बुडाशी खाल्लेले होते. एका ठिकाणी डेकवर प्लायवूडचा तुकडा टाकला होता, आणि त्याच्या कडेने खालचा अंधार दिसत होता.

"ह्याच्यावरून चालतोस तू?" त्याने सिद्धेशला विचारलं होतं.

"चालतो कुठे, बाबा? लंगडी खेळतो."

गंधाली हसली नव्हती. "ह्याला सांगा तुम्ही काहीतरी," ती बापाला म्हणाली. "माझं ऐकतो कुठे? म्हणे, मी नाही गेलो तर दुसरा जाईल."

"अगं, मग काय घरी बसू?"

शेवटी अनंतनेच तोडगा काढला. बार्ज पुन्हा समुद्रात न्यायचा तर कंपनीला सर्व्हेअरकडून तपासून घ्यावा लागणार होता. "तो पास करेपर्यंत चढायचं नाही," तो म्हणाला. "त्या माणसाचा जन्म गंज बघण्यात गेलाय. असल्या डेकवर तो सही करणं शक्य नाही. आणि केलीच, तर समजायचं की दुरुस्ती झाली."

दोघांनीही मान डोलावली. सिद्धेश मालाडला घरी बसून राहिला. पण तेव्हापासून फोन वाजला की अनंतचा हात जागीच थांबायचा. बार्ज नापास झाला की सुटलो, असं तो स्वतःशी म्हणायचा. कळायला मात्र हवं होतं लवकर.

त्याने गंज उतरवायला घेतला. मिठाचे खडे चिकटवून, वर रंग मारून, मग मीठ खरवडून काढलं की टवके उडाल्यासारखं दिसतं. ती सगळी भोकं त्याने बुजवली. नवा राखाडी हात दिला, तो स्पंजने थोडा मळवला. पाणी वाहून जातं तिथे मात्र तांबूस ओघळ ठेवले, अगदी पुसट. काल कोणीतरी झाडून-पुसून गेल्यासारखा डेक दिसू लागला.

"आता बरोबर," सर्वेश म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांतला ताठपणा गेला.

शूटिंगला मार्व्याच्या फेरीतून चौघांनी मॉडेल धरून मनोरीला नेलं. जेट्टीवर लाकडी घोड्यांवर ते मांडलं, मागे खाडीचं पाणी. लांब, टोकाला, पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस उभा केला. अनंतने फोन मॉडेलला अगदी खेटून धरला आणि हळूहळू खाली आणला. लांबच्या माणसाचे पाय डेकच्या कडेमागे लपले आणि तो बार्जवरच चालू लागला. जुनी युक्ती, पण दरवेळी अंगावर काटा यायचा.

"कॅमेरा कुठाय तुमचा?" अनंतने विचारलं.

"हाच. आता सगळं फोनवरच चालतं." सर्वेशने आपला फोन वर करून दाखवला. त्याला घाम फुटला होता. "तुम्ही जेवून घ्या, काका. माझी माणसं बघतील."

दुसऱ्या दिवशी गंधाली डबा घेऊन गाळ्यात आली, आणि तिच्या मागोमाग सिद्धेशचा फोन आला. अनंतने स्पीकर लावला.

"बाबा, पास झाला!"

गंधाली स्टुलावर बसली. "खरं सांग रे."

"देवाशप्पथ! कागद मी स्वतः बघितला. डेक चांगला, कठडे चांगले, एकही शेरा नाही. म्हणजे मी घरी होतो तेवढ्यात केली वाटतं दुरुस्ती. नवीन मॅनेजर भारीच निघाला. बाबा, जाऊ ना? लाँच सुटतेय. तुमचा शब्द होता."

अनंतने डोळे मिटले. इतक्या दिवसांचं ओझं छातीवरून उतरत होतं. तरी बारीक नजरेच्या माणसाची शंका जात नाही.

"जा," तो म्हणाला. "जपून जा. पण काय रे, सर्व्हेअर डेकवर स्वतः चालून गेला ना?"

लाँचच्या इंजिनाचा आवाज वाढला. सिद्धेश त्याच्यावरून ओरडून सांगू लागला.

"छे हो! साहेब कशाला येतायत एवढ्या उन्हात? काल बार्ज मनोरीला आणला होता म्हणे, आमच्या सर्वेशसरांनी जेट्टीवरूनच फोनवर सगळा फिरवून दाखवला!"