दुखणं शून्य

माणसाची वेदना ही अत्यंत पवित्र आणि खाजगी गोष्ट आहे. तिथे परक्याला प्रवेश नाही. पनवेलच्या त्या छोट्या इस्पितळात यासाठी दोन खाटांमध्ये हिरवा पडदा असतो. तो धुवायला गेला होता.

त्यामुळे गव्हाणचे बळीराम आणि आपट्याचे बुधाजी एकमेकांच्या नजरेसमोर पडून होते. दुपारी बळीरामच्या घरी जेवताना जिताडा माशाचं डोकं कोणाच्या ताटात जावं, यावर चर्चा झाली होती. चर्चेत बळीरामने बसायचा पाट बुधाजीच्या डोक्यात घातला. बुधाजीचा अर्धा कान सुटून लोंबत होता आणि रक्त उशीत मुरत होतं. बुधाजीने कोपऱ्यातलं मुसळ घेतलं होतं. बळीरामच्या मुलीचं बुधाजीच्या मुलाशी लग्न ठरलेलं, मंगळवारी हळद. व्याही म्हटल्यावर मारामारीतही दोघांनी अहो-जाहो सोडलं नव्हतं.

किशोरी सिस्टर आधी बुधाजीकडे गेली. "काका, किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

बुधाजीने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. "दोन."

"कान लोंबतोय तुमचा."

"व्याह्यांच्या हातात जोर कुठं हाय?"

ती बळीरामकडे वळली. अंगावर कुठे रक्त नाही. पण ओठ पांढरे, कपाळाला गार घाम, नाडी पळत सुटलेली.

"तुम्हाला किती?"

"शून्य."

"मार कुठे बसलाय?"

"नाय बसला. त्यांचा नेम चुकला."

तिने पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक. बळीरामने खाटेचा दांडा असा धरला की खाट थरथरली. तोंडातून आवाज नाही.

"काका, आत रक्त वाहत असेल तर जीव जाईल. कुठे लागलं ते सांगा."

"शून्य लिवा."

किशोरीने पेन खिशात ठेवलं. मग मागे वळून म्हणाली, "बुधाजीकाका, म्हणजे तुमचा एकही फटका बसला नाही म्हणायचा."

बुधाजी ताडकन उठून बसला. "कोन बोलला? पयला इथं, डाव्या बरगडीखाली! मुसळ आत रुतला. व्याही वाकले, तवा दुसरा तितंच घातला. कचकन आवाज आला. मंग खाली पाडून लाथ, ती पन डावीकडंच!" त्याने हवेत मुसळ फिरवून दाखवलं. कानाचं रक्त सिस्टरच्या पांढऱ्या बाहीवर उडालं.

"डॉक्टर!" ती ओरडली. "डावीकडे मार आहे. आत फुटलंय काहीतरी. ऑपरेशनची तयारी करा!"

बुधाजीचा हात हवेतच राहिला. शेजारी बळीरामचे डोळे मिटत चालले होते.

"व्याही?" बुधाजी म्हणाला. मग सिस्टरला, हळूच, "मरतील काय वो? मंगलवारी हळद हाय."

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाचतील कदाचित."

बुधाजीला यावर अभिमानाने फुलावं की रडावं, ते कळेना. त्याने कान हाताने धरून ठेवला.

स्ट्रेचर हललं तसं बळीरामने एक बोट वर केलं. आता तरी आकडा सांगेल म्हणून किशोरीने त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"घरी फोन लावा," तो पुटपुटला. "जिताड्याचा डोका झाकून ठेवा म्हनावा. मांजर हाय."